दहा रुपयांच्या लेखी संमतीबाबत

प्रति,
मा. निवडणूक खर्च निरीक्षक,
दौंड विधानसभा मतदारसंघ
(सध्या जिथे बदली असेल तिथे)

विषय : साहेबांना न विचारता साहेबांसाठी केलेल्या खर्चाची कबुली.
संदर्भ : भारतीय न्याय संहिता, कलम १७६ आणि त्यातले दहा रुपये.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, मी खुटबाव, ता. दौंड येथील कायमचा रहिवासी असून स्टेशनच्या वाटेवर माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सातबारा, आठ-अ, पीकविमा, रेशनकार्डाची केवायसी आणि लाइट असेल तर झेरॉक्स. आपण बहुधा परराज्यातले, महसूल सेवेतले अधिकारी. मराठी येत नसेल तर हे पत्र कोणाकडून तरी वाचून घ्यावं. फक्त वाचणाऱ्याला चहा पाजू नये. चहाचा विषय पुढं येणार आहे.

तर २०२४ च्या विधानसभेला मी आमच्या साहेबांची वेबसाइट काढली. अनधिकृत. म्हणजे साहेबांनी सांगितलं नव्हतं, पैसे दिले नव्हते, आणि ते मला ओळखतही नव्हते. एकदा हात मिळवला होता, पण तेव्हा त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या सरपंचांवर होती. साहेबांचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर हे पत्रच जाहिरात ठरेल, आणि कागदाचा खर्च त्यांच्या नोंदवहीत चढवायला आपली माणसं मोकळी.

कशाला काढली, असं घरच्यांनीही विचारलं. महोदय, २०१९ ला दौंडचा निकाल ७४६ मतांनी लागला. सातशे सेहेचाळीस म्हणजे दोन वस्त्या आणि एक बऱ्यापैकी लग्न. तेव्हापासून तालुक्यात ज्याच्या-त्याच्या डोक्यात बसलंय की पुढचा आमदार आपणच करणार. कोण गुऱ्हाळावर बसून करतो, कोण पारावर. मी दुकानात बसून केला. साइटवर साहेबांचा जीवनपट होता, कालव्याच्या पाण्याबद्दल दोन परिच्छेद होते, आणि जागा उरली म्हणून पुणे–दौंड डेमूच्या वेळा टाकल्या होत्या. सगळ्यात जास्त माणसं डेमूच्या पानावर आली.

खर्च पुढीलप्रमाणे. डोमेनचे ७९९ रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी १४३ रुपये ८२ पैसे. एकूण ९४२ रुपये ८२ पैसे. साइट ठेवायची जागा फुकटची. फोटो चौकातल्या फ्लेक्सवरून मोबाइलवर काढला, त्यात साहेबांच्या कानाजवळून विजेची तार गेली होती ती भाच्यानं पुसून दिली. त्याला एक वडापाव. वडापाव हिशेबात धरायचा की नाही हे आपण ठरवावं. जिल्ह्याच्या दरपत्रकात वडापावचा दर असतो, पण तो सभेतल्या वडापावचा. भाच्याचा वेगळा काढलेला दिसला नाही.

आता गुन्ह्याकडे येतो.

दुकानात एक वकील उत्पन्नाचा दाखला काढायला आले होते, त्यांनी साइट बघितली आणि कलम सांगितलं. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याला निवडून आणण्यासाठी कोणी सभा, जाहिरात, पत्रक, प्रकाशन किंवा ‘अन्य कोणत्याही रीतीनं’ खर्च केला, तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड. पण कायदा दयाळू आहे, खाली परंतुक आहे. खर्च दहा रुपयांपर्यंत असेल आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता मिळवली, तर तो खर्च अधिकारानं केला असं मानायचं.

दहा रुपये. मला वाटलं, छपाईत शून्यं उडाली. मी रोज सरकारी फॉर्म भरतो, तिथं असं होतं. वकील म्हणाले, उडालेलं काही नाही. हे कलम १९२० सालच्या कायद्यानं दंड संहितेत आलं, १७१-एच म्हणून. तेव्हा दंड पाचशेपर्यंत आणि सूट दहाची. १ जुलै २०२४ ला दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, आणि नव्या पुस्तकात दंड पाचशेचा दहा हजार झाला. वीसपट. सूट मात्र दहाचीच राहिली. दंडाला महागाई भत्ता लागू झाला, सुटीला नाही.

महोदय, खुटबावात दहा रुपयांत काय येतं ते सांगतो. एक चहा येतो. किंवा डेमूचं केडगावपर्यंतचं तिकीट येतं, परतीचं नाही. समजा, मी साहेबांच्या नावानं एका मतदाराला चहा पाजला. दहा रुपये झाले. आता दहा दिवसांत लेखी मान्यता हवी. त्यासाठी केडगावला साहेबांच्या माणसाला गाठायचं, जायचे दहा, यायचे दहा. हे वीस रुपये कशासाठी गेले? साहेब निवडून यावेत म्हणूनच. म्हणजे त्यांचीही मान्यता हवी, आणि ते तर दहाच्या वर गेले, त्यांना सूटच नाही. पायी गेलो असतो, तर चपलेचा विचार करावा लागला असता.

आणि साहेब लेखी देणार का? लेखी दिलं की माझे ९४२ रुपये ८२ पैसे त्यांच्या खात्यात जमा. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, २०२२ पासून. नोंदवही रोज लिहायची, आपण प्रचारात ती तीनदा बघणार, आपल्या माणसांची छाया नोंदवही वेगळी, निकालानंतर तीस दिवसांत हिशेब दाखल. चुकला तर तीन वर्षं अपात्र. एवढ्या सगळ्यात खुटबावच्या झेरॉक्सवाल्याचे ८२ पैसे कोण मांडून बसणार? त्यांना लेखी न देणं सोयीचं, आणि मला लेखी नसणं हा गुन्हा. प्रेम करायला हरकत नाही, फक्त पावती फाडू नये, असा हा मामला आहे.

पूर्वी असं नव्हतं म्हणे. १९७४ साली दिल्लीच्या एका निवडणूक खटल्यात, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की दुसरा कोणी तुमच्यासाठी खर्च करतोय, तुम्हाला माहीत आहे, फायदाही घेताय आणि नाही म्हणत नाही, म्हणजे तो खर्च तुमच्याच संमतीचा धरायचा. गावच्या पंचांनीही हेच सांगितलं असतं. पण त्याच वर्षी सरकारनं कायदा बदलला : पक्षानं, मंडळानं किंवा एखाद्या व्यक्तीनं केलेला खर्च उमेदवाराचा नाहीच. मर्यादा कागदावर राहिली आणि ट्रक दुसऱ्याच्या नावावर धावू लागले. १९९१ ला नदीपलीकडं, नगरच्या लोकसभेला गडाख–विखे लढत झाली. तिच्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा, १९९३ मध्ये, न्यायालयानंच लिहिलं की उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे आणि पक्षानं किंवा इतरांनी केलेला खर्च खुशाल जाळ्याबाहेर आहे. २००३ ला ती पळवाट बुजवली. पक्षाच्या पुढाऱ्यांच्या प्रवासाला तेवढी सूट उरली. म्हणजे हेलिकॉप्टर मोकळं आहे आणि माझा डोमेन अडकला.

आमच्याकडं एक संस्था आहे, तिची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडं नाही आणि सहकार खात्याकडंही नाही. तिचं नाव ‘मित्रपरिवार’. चौफुल्यापासून यवतपर्यंत हायवेला फ्लेक्स बघा, खाली शुभेच्छुक म्हणून मित्रपरिवारच असतो. त्याचा अध्यक्ष कोणी बघितला नाही, पण पैसे त्याच्याकडं कधी कमी पडत नाहीत. आचारसंहिता लागली की तो रात्रीत अदृश्य होतो आणि गुलालाच्या दिवशी परत प्रकटतो. त्यानं कधी कोणाची लेखी परवानगी काढल्याचं ऐकिवात नाही. फरक एवढाच, की त्याला नाव नाही आणि माझ्या डोमेनच्या पावतीवर माझं आधारला जोडलेलं नाव आहे. मोठ्यांचंही तसंच. २००९ ला भोकरच्या निवडणुकीत अशोक चव्हाणांचं ‘अशोकपर्व’ या नावाखाली मोठमोठ्या वर्तमानपत्रांत पानंच्या पानं कौतुक आलं. त्याचा खर्च कोणाचा यावर आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पाच वर्षं काथ्याकूट झाली, आणि २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयानं आयोगाचा आदेश रद्द केला. तिथं पानांचा मालक ठरेना. इथं मी स्वतःहून सांगतोय, महोदय, की मी केलं.

इंटरनेटचं तर आपल्या आयोगानं फार सुंदर करून ठेवलंय. २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचना मी तीनदा वाचल्या. उमेदवारानं आपली खाती शपथपत्रात लिहावीत, जाहिरात आधी तपासून घ्यावी, साइट सांभाळणाऱ्यांचे पगारसुद्धा खर्चात धरावेत. आणि उमेदवार किंवा पक्ष सोडून इतरांनी टाकलेल्या मजकुराचं काय? तर आयोग मंत्रालयाशी विचारविनिमय करून व्यवहार्य मार्ग शोधत आहे. आमच्या बांधाच्या मोजणीचाही व्यवहार्य मार्ग शोधणं चालू आहे, त्यामुळं मी समजू शकतो.

त्यातूनही मी जाहिरात तपासून घ्यायचं ठरवलं. २००४ च्या आदेशाप्रमाणं त्रयस्थ माणसानं सात दिवस आधी अर्ज करायचा आणि शपथेवर सांगायचं, की ही जाहिरात कोणत्याही पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या फायद्यासाठी नाही. माझ्या साइटवर वरच ‘साहेबांना प्रचंड मतांनी विजयी करा’ असं होतं. आता याची शपथ भैरवनाथासमोर घ्यायची की नोटरीसमोर, हा प्रश्न पडला. नोटरी परवडला असता, देव परवडला नसता. पुन्हा आयोगाचाच खुलासा असा की स्वतःच्या खात्यावर, ब्लॉगवर टाकलेला मजकूर जाहिरात धरायचा नाही. म्हणजे तपासणीपुरतं मी स्वतःशी बोलतोय आणि १७६ पुरतं मी प्रचार करतोय. एकाच खुर्चीत, एकाच वेळी.

आपलंच असं आहे असं नाही. विलायतेत त्रयस्थ माणसाला उमेदवारासाठी किंवा उमेदवाराविरुद्ध पाच पौंडांच्या वर खर्चाला बंदी होती. फिलिस बोमन नावाच्या बाईंनी १९९२ ला हॅलिफॅक्समध्ये गर्भपाताच्या प्रश्नावर पत्रकं वाटली आणि त्यांच्यावर खटला झाला. १९९८ ला युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं सांगितलं की पाच पौंड म्हणजे तोंड बांधणंच झालं. २००० साली तिकडच्या संसदेनं पाचाचे पाचशे केले. अमेरिकेच्या निवडणूक आयोगानं २००६ मध्ये सरळ लिहून टाकलं की बिनपगारी माणूस स्वतःच्या वेळात इंटरनेटवर काही करत असेल तर तो खर्च नाही. आमच्या दहाला हात लावायला मात्र कोणाला सवड झाली नाही. पाच पौंड गेले, दंड संहिता गेली, आणि दहा रुपये घरातल्या जुन्या पाट्यासारखे उरले.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती सांगतो आणि मोकळा होतो. प्रचाराच्या तिसऱ्या आठवड्यात साहेबांच्या कार्यालयातून फोन आला. कोण बोलत होतं ते विचारू नका, तेही अनधिकृतच. “वेबसाइट तुमचीच का? मस्त झालीय. चालू ठेवा. फक्त आमचा फोन आला होता असं कुठं टाकू नका.” मी विचारलं, एक चिठ्ठी मिळेल का, संमतीची? पलीकडून एक लांबलचक शांतता आली, मग कोणीतरी मागं म्हणालं, “कोणंय रे हा?” आणि फोन बंद. सत्तेचाळीस सेकंदांचा कॉल. नोंद माझ्या मोबाइलमध्ये आहे. कंवरलालच्या हिशेबानं त्यांना माहीत होतं आणि त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. माझ्या हिशेबानं, त्या दिवशी मी पहिल्यांदा कार्यकर्ता झालो.

तरी मागणी फार नाही. माझ्या दुकानात कोणी निवडणुकीची शंभर पत्रकं छापायला आला, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणं खाली मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव, पत्ता टाकावाच लागतो. नाहीतर सहा महिने कैद किंवा दोन हजार दंड, किंवा दोन्ही. ते मी पाळतो आणि त्यात मला काही जड जात नाही. तसंच साइटचं करा. तळाशी माझं नाव, माझा फोन, माझा खर्च लिहायला लावा, दहाचे निदान दहा हजार करा, आणि त्याच्या आत असलेल्या माणसाला चिठ्ठीसाठी पळवू नका. त्याच्या वर गेला तर धरा. पण तोच नियम फ्लेक्सवरच्या मित्रपरिवाराला लावा. ते जमणार नसेल तर निदान मला पकडा, म्हणजे या कलमाखाली कोणीतरी सापडलं असं दिसेल.

सोबत दहा रुपयांची नोट जोडली आहे. कायद्यानं तेवढी माझी चूक माफ होण्यासारखी होती. दहा दिवसांची मुदत टळून गेली आहे हे मला माहीत आहे. कृपया पोच द्यावी.

आपला विश्वासू,
एक अनधिकृत समर्थक
खुटबाव, ता. दौंड, जि. पुणे

ता. क. : डोमेनच्या नूतनीकरणाचा मेसेज आलाय. या वेळी १,२९९ रुपये मागतायत, जीएसटी वेगळा. साहेबांचं पान मी काढून टाकलंय. डेमूच्या वेळा ठेवल्यात.