भरली की सुटेल

आमच्या ह्यांची उभी हयात एसटीत गेली, त्यातली शेवटची वर्षं कराड स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून. आमच्या घरात ‘वडाप’ ही शिवी होती. स्टँडच्या तोंडावरून प्रवासी पळवणाऱ्या या वडापच्या जीपवाल्यांशी भांडून ह्यांचा घसा बसला तो कायमचा. अशा माणसाला डाकारमधल्या आमच्या मुलाने सालेमाताला पाठवलं, म्हणजे सरळ वडापच्याच हवाली केलं.

सालेमाता हे सेनेगलच्या आग्नेय कोपऱ्यातलं, गिनीच्या सरहद्दीजवळचं छोटंसं गाव. हा बासारी लोकांचा मुलूख. बासारी, फुला आणि बेदिक या तीन समाजांनी राखलेला हा डोंगराळ टापू युनेस्कोने 2012 साली जागतिक वारसा ठरवला. मुलगा आधी म्हणत होता, समुद्रावर जा, मासे खा. पण नकाशाच्या कडेला पडलेलं गाव दिसलं की ह्यांना तिथे मुक्कामी गाडी न्यावीशी वाटते. डाकार ते वाटेतलं केदुगू शहर साधारण 700 किलोमीटर, तिथून सालेमाता आणखी 80 च्या आसपास.

डाकारच्या स्थानकावर ‘सेत-प्लास’ उभी होती. सात प्रवासी घेणारी जुनी प्यूजो. ह्यांनी निवृत्तीनंतर कमावलेलं फ्रेंच बाहेर काढलं. “किती वाजता सुटते?”

“भरली की.”

“कधी भरेल?”

“सात झाले की.”

ह्यांनी सवयीने भिंतीवर वेळापत्रक शोधलं. भिंतीला टेकून एक बोकड उभा होता. पण नियम ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा निवळला. जो आधी आला त्याला पुढची सीट. शेवटी आला तो मागच्या रांगेत, गुडघे हनुवटीशी घेऊन. बॅगेचे पैसे वेगळे, त्यावर घासाघीस चालते. आणि सात म्हणजे सातच. “आपल्या वडापला सात तर ड्रायव्हरच्या शेजारीच बसतात,” हे म्हणाले. शत्रुपक्षाबद्दल त्यांच्या तोंडून इतकं बरं मी पहिल्यांदाच ऐकलं.

केदुगूच्या अलीकडे हमरस्ता निओकोलो-कोबा राष्ट्रीय उद्यानातून जातो. कडेला बबून माकडं आपापसांत भांडत बसलेली. या जंगलात सिंहही आहेत, असं शेजारच्या बाईंनी सांगितलं. “इथे विनंती थांबा नाही ना?” एवढंच ह्यांनी विचारलं.

केदुगूपुढे मात्र सात आकड्याचं राज्य संपलं. टपावर पोती, पोत्यांवर माणसं, माणसांच्या मांडीवर कोंबड्या. आम्ही गेलो तेव्हा रस्ता जांभ्याचा होता, अस्सल कोकणी लाल. केदुगूला पांढरे असलेले माझे केस सालेमाताला उतरले तेव्हा तांबडे झाले होते. मेंदीचा खर्च वाचला.

गावात कुणालाही घाई नव्हती. फुला माणूस भेटला की आधी खुशाली: सकाळ कशी गेली, घरचे कसे आहेत, पोरं, गुरं, प्रवासाचा शीण. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, “जाम तान”, म्हणजे सगळं ठीक. हे इतकं चालायचं की आमच्याकडे तेवढ्यात समोरच्याची जमीनही विचारून झाली असती. मग चहा. निखाऱ्यावर बोटभर किटली, हिरवा चहा, साखर. या पेल्यातून त्या पेल्यात उंचावरून ओतत फेस काढायचा. तीन फेऱ्या, पहिली कडू, पुढच्या चढत्या गोड. पहिल्या घोटाला ह्यांचा चेहरा ओव्हरटाइम नाकारल्यासारखा झाला. तिसऱ्या फेरीला “अजून आहे का?”

जवळच एत्योलो हे बासारी गाव, गोल, गवती छपरांच्या घरांचं. वडीलधाऱ्यांना द्यायला आम्ही बाजारातून कोलाच्या बिया घेतल्या होत्या. त्यातली एक ह्यांनी सुपारी समजून दाढेखाली घातली. नंतर कितीतरी वेळ आमच्याकडे शांतता होती. वाटाड्याने सांगितलं, उन्हाळ्याच्या अखेरीस इथे मुलग्यांची दीक्षा होते. पाना-सालींचे मुखवटे घातलेले त्यांच्याशी झुंजतात, आणि दीक्षा झालेला पोरगा नव्याने जन्मल्यासारखा वागतो. काही काळ आईलासुद्धा ओळख देत नाही. माझ्या सासूबाईंचं मत होतं की आपल्याकडे हे लग्नानंतर होतं. मी ते वाटाड्याला सांगितलं नाही.

परतीला गाडी भरेना. ऊन चढत होतं, ड्रायव्हर झाडाखाली आडवा. हे जरा वेळ घड्याळ बघत बसले, मग उठले, रस्त्याच्या मधोमध गेले आणि बसक्या घशाने ओरडू लागले, “केदुगू, केदुगू, केदुगू!” अर्ध्या तासात गाडी भरली. ड्रायव्हरने ह्यांना पुढची सीट दिली आणि बॅगेचे पैसे घेतले नाहीत. कराडात ही बातमी फोडायची नाही, असं मला बजावण्यात आलं आहे.

तुम्हाला जायचं असेल तर पावसाळा टाळा. जून ते ऑक्टोबर तिथले रस्ते चिखलात जातात. पुढची सीट हवी तर उजाडायच्या आत स्थानक गाठा. आणि परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, कारण तिथली गाडी भरल्याशिवाय सुटत नाही.