अंगठेबहाद्दर

आमचे पणजोबा सावकाराच्या वहीवर अंगठा उठवत. आजोबा चार यत्ता शिकून सही करू लागले. वडिलांनी तर सहीला ऐटबाज शेपूटही जोडलं. अशा चढत्या घराण्याचा मी वारस, एकसष्टाव्या वर्षी इन्स्टाग्रामवर गेलो आणि पुन्हा अंगठ्यावर आलो.

मला मागासलेला म्हणू नका, मी फक्त उशिरा पोचतो. ऑर्कुटवर खातं उघडायचं मनावर घेतलं, तोवर ३० सप्टेंबर २०१४ उजाडला आणि ऑर्कुटच बंद झालं. मग फेसबुक. तिथे २००९ पासून असलेला ‘लाइक’चा अंगठा मला २०१६ मध्ये सापडला, तर त्याच वर्षी त्यांनी शेजारी बदाम आणि हसरी, रडकी, रागीट तोंडं मांडून ठेवली. मी पानावर बसतो तेव्हा वाढपी ताक घेऊन फिरत असतात.

इन्स्टाग्रामचं खातं पुतणीने उघडून दिलं. माझं नाव आधीच कोणीतरी घेतलेलं निघालं. “काका, पुढे आकडा लावा,” ती म्हणाली. बारशाला चार आत्यांनी एकमताने ठेवलेलं नाव कंपनीला नामंजूर! तेव्हापासून मी नावापुढे ६१ लावून येरवड्यातल्या कैद्यासारखा वावरतो.

पहिल्याच संध्याकाळी जुन्या साहेबांचे फोटो बघत बघत खोल उतरलो आणि त्यांच्या सात वर्षांपूर्वीच्या महाबळेश्वर सहलीला चुकून बदाम गेला. घाईघाईने काढला. “काढलात?” पुतणी कपाळावर हात मारत म्हणाली, “आता तर जास्तच वाईट दिसणार!” ज्या साहेबांशी निवृत्तीच्या दिवशीही मी धड बोललो नव्हतो, त्यांच्याशी असा घरोबा झाला.

दुसऱ्या दिवशी पुतणीच्या नाचाच्या रीलखाली लिहिलं, ‘अनेक आशीर्वाद. नृत्य उत्तम. इकडे सर्व कुशल. कळावे, तुझा काका.’ त्याखाली तिच्या मैत्रिणीने नुसती कवटी टाकली. मी घाबरून फोन केला, “कोण गेलं गं?” “कोणी नाही हो काका, हसून हसून मेले असं म्हणतेय ती.”

मग तिने मला एकेक नियम समजावला. अंगठा पाठवला की समोरच्याला वाटतं, आपण वैतागलो. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला तर भांडणच. आमच्या मराठीच्या मास्तरांनी पूर्णविरामासाठी छड्या मारल्या होत्या. ते आज असते तर या मुलांनी त्यांना ब्लॉक केलं असतं.

हापूसच्या पेटीचा फोटो मी स्टोरीत टाकला, तो दुसऱ्या दिवशी दिसेना. स्टोरी चोवीस तासांतच जाते म्हणे. याची तक्रार नाही, आमच्याकडे पेटीही तेवढीच टिकते.

दीड महिना असा अभ्यास करून परवा पुतणीच्या विनोदाखाली मोठ्या रुबाबात तीन कवट्या टाकल्या. लगेच उत्तर आलं, “काका, कवट्या आता फक्त काकालोक टाकतात.” म्हणजे पुन्हा ताकच.

या सगळ्यात पणजोबांची फार आठवण येते. सावकार लबाड खरा, पण अंगठा कुठे उठवायचा ते हात धरून दाखवायचा आणि कोणतं शेत गहाण पडतंय तेही सांगायचा. मी मात्र खातं उघडताना त्या लांबलचक अटी भराभर वर सरकवल्या आणि खालच्या ‘मान्य आहे’वर अंगठा दाबून मोकळा झालो. पणजोबांना वाचता येत नव्हतं. मला येतं, आणि मी वाचलं नाही. आता आमच्या घराण्यातला अंगठेबहाद्दर कोण, ते तुम्हीच ठरवा.