कक्षेतला संसार

अंतराळवीर वर जाऊन विश्वाची कोडी सोडवत बसतात, असं आपल्याला उगाच वाटतं. जमिनीपासून जेमतेम 400 किलोमीटरवर, ताशी 28,000 किलोमीटर वेगानं पळणाऱ्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात संडास दुरुस्त करायला प्लंबर येत नाही. हे थोर काम अंतराळवीरांनाच करावं लागतं. नासानं 2020 मध्ये वर पाठवलेला नवा संडास 2 कोटी 30 लाख डॉलरचा. इतके पैसे मोजूनही पाय अडकवून बसायचं आणि पुढचं हवेच्या झोतावर सोपवायचं. लघवी तर वाया जातच नाही. शुद्ध होऊन तीच पुन्हा प्यायला येते. टँकरच्या पाण्याला नाक मुरडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

कपडे धुणं नाही. मळले की कचऱ्याबरोबर मालवाहू यानात कोंबायचे, यान वातावरणात जळून खाक. तेव्हा तारा तुटताना काही मागायचं तर जपून. एखाद्याचे मोजेही असतील.

पावाचा चुरा उडतो म्हणून पाव बाद. 1965 मध्ये अंतराळवीर जॉन यंगनं जेमिनी-3 यानात खिशातून सँडविच नेलं, तर त्याची चर्चा थेट अमेरिकी संसदेच्या समितीत! 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्लांनी आमरस आणि गाजर हलवा नेला, त्याचं मात्र कौतुकच झालं. रीतसर परवानगीची गोडी वेगळी.

दिवसाला 16 सूर्योदय होतात, म्हणजे ‘उद्या सकाळपासून व्यायाम’ ही आपली थाप तिथं दीड तासात उघडी पडते. व्यायाम मात्र रोज दोन तास, सक्तीचा. चुकवला तर हाडं ठिसूळ होतात.