सुरतेवर तिसरी स्वारी

लग्नसराई तोंडावर आली की मंडपवाल्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझंही नव्हतं. म्हणूनच रात्री साडेअकराला मोबाइलवर एक छोटा हत्ती पाहिला आणि दहा हजारांचं टोकन पाठवून मोकळा झालो. मी नाशिकचा, गाडी सुरतेची. ‘सिंगल हँड, 62,000 किलोमीटर, मक्खन कंडिशन, 1 लाख 70 हजार.’ फोटोत ती अशी चमकत होती, की हिच्या पाठीवर पाऊण टन माल टाकायचा म्हणजे पाप लागेल.

सोबत मिस्त्री आणि मेव्हणा. मिस्त्रीने इंजिन बघायचं आणि मेव्हण्याने घासाघीस करायची, असं ठरलं. पहाटेच्या एसटीत बसता बसता मेव्हणा म्हणाला, “दाजी, महाराजांनी 1664 ला सुरत लुटली, 1670 ला परत लुटली. ही तिसरी स्वारी.” मिस्त्री तोवर झोपला होता.

सुरतेत उतरल्यावर आधी लोचो खाल्ला. आपल्याकडे लोचा होतो, तिथे तो तेल आणि शेव घालून प्लेटमध्ये देतात. चव उत्तम. शकुन म्हणून मात्र तो खायला नको होता, हे नंतर कळलं.

व्यापाऱ्याने “आवो, आवो” करत चहा मागवला. मी आरसी बुक उघडलं. मालक क्रमांक : 3.

“शेठ, तुम्ही सिंगल हँड म्हणाला होता.”

“सिंगल हँड ही तो है! स्टिअरिंग पे एक टाइम में एक ही आदमी बैठता है ना?”

यावर घासाघिशीसाठी आणलेला मेव्हणा खो खो हसला आणि पहिली चकमक आम्ही तिथेच हरलो.

मिस्त्रीने मीटरकडे बघितलंही नाही. दार उघडून तो ब्रेकपाशी वाकला आणि मला म्हणाला, “हात लावा.” पायपट्टीचं रबर झिजून मधोमध लोखंड उघडं पडलं होतं. जुन्या नाण्यासारखं गुळगुळीत, कडेला रबराची नुसती काळी किनार. “बासष्ट हजारात एवढी झीज व्हायची तर ड्रायव्हर रात्रीसुद्धा ब्रेकवर पाय ठेवून झोपत असला पाहिजे.” मग चासीवरचं ग्रीस पुसून त्याने कागद धरला आणि वर आडवी पेन्सिल घासली. लहानपणी आम्ही नाण्यांचे छाप काढायचो तसा एकेक आकडा वर आला. आरसीशी जुळला. दिवसभरात खरी निघालेली ही पहिली गोष्ट.

शिवाय कागदांची जत्रा. ना हरकतीसाठी 28 नंबरचा फॉर्म, नाव बदलायला 29 आणि 30, बँकेचा बोजा उतरवायला 35. सातबाऱ्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा दुसऱ्या राज्यातली गाडी घेऊन बघावी.

एवढं कळल्यावर कोणीही शहाणा माणूस परत फिरला असता. पण टोकन बुडत होतं, बारा दिवसांवर पहिलं लग्न होतं आणि मिस्त्री म्हणाला, “इंजिन मात्र इमानदार आहे.” तासाभराच्या लढाईत मेव्हण्याने पाच हजार कमी केले. एजंट आणि ‘पार्किंग’ मिळून शेठने सात हजार लावले. या विजयाप्रीत्यर्थ मेव्हण्याने माझ्याच पैशांनी एक किलो घारी घेतली.

केबिनमध्ये जागा दोघांची. म्हणून मेव्हण्याला मागे हौद्यात बसवलं. हत्तीच्या हौद्यात बसण्याचा मान त्याने वघईपर्यंत मिरवला. सापुताऱ्याचा घाट लागला आणि दोन सिलिंडरांनी आलटून पालटून श्वास घ्यायला सुरुवात केली. पहिला गिअर. शेजारून चालणारी एक म्हातारी, डोक्यावर सरपणाची मोळी, बराच वेळ आमच्या बरोबरीने होती. एका वळणावर ती पुढे गेली.

हातगड, बोरगाव, वणी. उतारावर गाडीला हुरूप आला आणि दिंडोरीच्या बाजारापाशी, काही कारण नसताना, ती बंद पडली. 1670 ला सुरतेहून परतणाऱ्या मराठी फौजेला दाऊदखानाने याच वणी-दिंडोरीच्या मुलखात गाठलं होतं. मराठ्यांनी त्याला झोडपून काढलं. त्यांच्याकडे लूट होती आणि आम्ही लुटले गेलेलो, एवढाच काय तो फरक. मिस्त्रीने डिझेल फिल्टर काढला, फुंकला, शिव्या घातल्या. कचरा कुठेच नव्हता. चहा पिऊन झाल्यावर गाडी आपली आपण सुरू झाली.

चौथ्या दिवशी पेंटरचा फोन आला, “शेठ, जरा येऊन जा.” आम्ही तिघेही गेलो. मागचं फळकं त्याने घासलं होतं. पिवळ्या रंगाखाली निळा, निळ्याखाली हिरवा आणि हिरव्याच्याही खाली ठसठशीत मराठी अक्षरं : ‘ताजा भाजीपाला. ता. दिंडोरी, जि. नाशिक.’

मेव्हणा बराच वेळ बघत राहिला. “दाजी, ती बंद नव्हती पडली. घर आलं म्हणून थांबली होती.”

“सगळं घासून टाकू ना?” पेंटरने विचारलं.

“‘जि. नाशिक’ तेवढं राहू दे,” मी म्हणालो. “रंग वाचेल.”