बॅकगॅमनपटू संगणकास, खान्देशातून

रा. रा. बॅकगॅमनपटू संगणक महाशय यांस,
स. न. वि. वि.

आपलं कौतुक ऐकून ऐकून आमचे कान किटले. 1992 साली आयबीएममध्ये गेराल्ड टेसॉरो यांनी 'टीडी-गॅमन' हा बॅकगॅमन खेळणारा प्रोग्राम घडवला, तो स्वतःशीच लाखो डाव खेळून तरबेज झाला, आणि पहिल्याच फेकीत दोन-एक पडले तर काय खेळावं याबद्दल मुरलेल्या खेळाडूंना आपलं मत बदलावं लागलं. आपण त्याच घराण्यातले. सरळ डावात आपल्या वाटेला जायची आमची टाप नाही.

पण आम्ही पडलो खान्देशी. इथे सरासरीवर कुणाचं भागत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांना भिडतो, आणि केळीच्या हवामान आधारित विम्यात तो सलग ठरावीक दिवस ठरावीक आकड्याच्या वर राहिला तरच भरपाई. जरासा हुकला की कागद घडी घालून कपाटात. त्यामुळे कुठलंही यंत्र समोर आलं की आमची नजर आधी त्याच्या टोकांकडे जाते. जळगावात मी आणि धुळ्यात आमचे दाजी, दोघांनी फोनवर बोलत बोलत आपली टोकं चाचपली, त्याचा हा वृत्तान्त.

आम्ही आमच्या सगळ्या 15 सोंगट्या समोरच्याच्या पहिल्या घरावर रचल्या. एरवी डाव मांडला की 167 पावलं चालायची असतात, इथे 360. माणूस असता तर म्हणाला असता, 'हे काय भलतंच?' आपण मात्र पापणीही न हलवता दशांशचिन्हापुढे तीन आकडे लावून हार-जितीचा निकाल दिलात. मग त्याच मांडणीवरून आपल्यालाच शेकडो डाव खेळायला लावले, तर त्यांची सरासरी आपल्या पहिल्या उत्तराशी भावबंदकी मांडून बसली. आश्चर्य कसलं? आपण शिकलात स्वतःशी खेळून, आणि शहाणे खेळाडू असल्या गबाळात सापडतच नाहीत. जे कधी पाहिलं नाही त्याबद्दल आपण ठोकून देता, एवढंच.

हे आपल्या भाऊबंदांनाही ठाऊक असावं. ग्नू बॅकगॅमन या प्रोग्रामची संहिता सर्वांना खुली आहे, आणि तिच्यात एक राखणदार बसवलेला दिसतो. ज्याची एक तरी सोंगटी पटाबाहेर गेली तो दुप्पट हार, म्हणजे गॅमन, खाऊच शकत नाही. तरी आतल्या मेंदूने तसं काही बरळलं तर हा राखणदार ते गुपचूप शून्य करतो. हुशार पोराच्या तोंडावर हात ठेवायला घरचंच माणूस!

अखेरच्या सहा घरांत मात्र आपल्याला नावं ठेवायला जागा नाही. तिथे उरलेल्या 15 पर्यंत सोंगट्यांच्या 54,264 मांडण्या तक्त्यात तयार असतात, अंदाजपंचे काही नाही. हिशेब चोख.

फासे आपल्याच सोयीचे पाडता, असा आपल्यावर लोक उगाच आळ घेतात. आम्ही ते हातानेच भरायची सोय वापरली आणि आपल्याविरुद्ध लागोपाठ पाच वेळा सहा-सहा टाकले. हे साधारण सहा कोटींत एकदा घडावं. आपण हूं की चूं केलं नाही. आमच्याकडे सारीपाटावर एवढ्यात पट उधळला गेला असता. नवशिक्यांच्या पातळीवर तर आपण मुद्दाम आकड्यांत गडबड मिसळून चुकता. ती गडबड आम्ही कमाल करून पाहिली, आणि खरं सांगतो, तेवढाच वेळ आपण आमच्यातले वाटलात.

दाजींचं म्हणणं एकच, "हाऊ गडी 'माले माहीत नही' असं कधीच सांगत नही." तेव्हा त्या तीन दशांशांच्या शेजारी, मांडणी अनोळखी असल्यास, एक तांबडा ठिपका लावायला सांगावं. विम्याच्या कागदावर तो मिळत नाही, निदान पटावर तरी मिळो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चिकित्सक, जळगाव

ता. क. : आता दाजींना 15च्या 15 सोंगट्या मधल्या पट्टीवर ठेवून 375 पावलांचा डाव मांडायचा आहे, तोही समोरच्याची सहाही घरं बंद करून. आपला आकडा तयार ठेवा. फासे आम्ही भरू.