कार्यसम्राट बर्डसाहेबांस

विकासमहर्षी, कार्यसम्राट, जनसेवक मा. सिनेटर रॉबर्ट सी. बर्डसाहेब यांस,

सा. न. वि. वि.

आपण २८ जून २०१० रोजी, वयाच्या ९२व्या वर्षी, सिनेटची खुर्ची न सोडता निवर्तलात. त्यामुळे या पत्राला उत्तर येणार नाही, हे ठाऊक आहे. आमच्या हयात लोकप्रतिनिधींकडूनही येत नाही, तेव्हा वाईट वाटून घेणार नाही.

वरची विशेषणं आमच्या चौकातल्या फ्लेक्सवरून उचलली आहेत. ज्या साहेबांच्या फोटोखाली ती छापलीत त्यांनी बसथांब्यावर छप्पर टाकून दिलं. ‘स्थानिक विकास निधीतून’ ही पाटी त्यावर इतकी ऐसपैस बसली आहे, की वेळापत्रकाला जागा उरली नाही. बस कधी येणार ते कळत नाही, कोणाच्या कृपेने उभे आहोत ते मात्र कळतं. आमच्या साहेबांना वाटतं आपण फार केलं. म्हणून म्हटलं, त्यांना तुमची ओळख करून द्यावी.

तुमचं अमेरिकेतलं वेस्ट व्हर्जिनिया राज्य म्हणजे डोंगर, कोळसा आणि गरिबी. तुम्ही खाणकामगाराच्या घरात वाढलात, कसायाचं काम केलंत, वेल्डिंग केलंत. १९८९मध्ये केंद्राच्या तिजोरीची किल्ली असलेल्या विनियोजन समितीचं अध्यक्षपद मिळालं, तेव्हा पाच वर्षांत एक अब्ज डॉलर राज्यात आणीन म्हणालात आणि मुदतीच्या बरंच आधी आणून दाखवलेत. एफबीआयचं बोटांच्या ठशांचं भांडार वॉशिंग्टनहून क्लार्क्सबर्गला गेलं. तटरक्षक दलाचं राष्ट्रीय सागरी केंद्रही तुमच्याच राज्यात आलं. राज्याला समुद्रकिनारा नाही, ही किरकोळ त्रुटी. अजून एखादी टर्म मिळती तर तोही मंजूर करून आणला असता.

तुमच्याच राज्यातल्या ग्रीन बँकची जुनी रेडिओ दुर्बीण १९८८मध्ये कोसळली, तर तुम्ही निधी खेचून १०० मीटरची नवी उभी केलीत. २०००मध्ये तिचं लोकार्पण झालं आणि तिलाही नाव तुमचंच. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरींनाही आधी साहेबांच्या पाटीखालून जावं लागतं. आमचे साहेब अजून बसथांब्यावरच आहेत हो! रस्ते, पूल, दवाखाने, कोर्टाच्या इमारती मिळून तुमच्या नावाच्या पन्नासहून अधिक जागा. शिवाय राज्याच्या विधानभवनात हयातीतच पुतळा.

पण तुम्हाला निवडून दिलं होतं कायदे करायला. सिनेटमध्ये ५१ वर्षं, त्याआधी प्रतिनिधिगृहात सहा, आणि १८ हजारांवर मतदानं. तो दप्तराचा गठ्ठा सोडून बसलो तर एक गंमत दिसली. जे आणलंत त्या प्रत्येकावर पाटी आहे. जे अडवलंत किंवा अडवायला धडपडलात, त्यावर एकही नाही. आणि खरी कारकीर्द तर तिथेच आहे.

जून १९६४. कृष्णवर्णीयांना समान वागणूक देणारं नागरी हक्क विधेयक सिनेटपुढे होतं. तुम्ही संध्याकाळी बोलायला उभे राहिलात ते दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बसलात. १४ तास १३ मिनिटं. त्याच दिवशी सभागृहाने ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबवली आणि विधेयक पुढे गेलं. पुढच्या वर्षी मतदान हक्काच्या कायद्यालाही तुमचा विरोध. तरुणपणी तुम्ही वर्णद्वेषी कू क्लक्स क्लानच्या स्थानिक शाखेचे म्होरके होतात. पुढे त्याची जाहीर माफी वारंवार मागितलीत, आणि २००८मध्ये ओबामांना पाठिंबाही दिलात. माफी खरी असेल, मी शंका घेत नाही. फक्त पन्नासांतला एखादा पूल १९६४च्या त्या रात्रीच्या नावाने राखून ठेवायला हवा होता.

मग १९९३. मंजूर अंदाजपत्रकातला नको तो खर्च राष्ट्राध्यक्षांनी एकेक करून खोडावा, अशी कल्पना निघाली. त्याविरुद्ध तुम्ही सिनेटमध्ये रोमन इतिहासावर १४ भाषणं दिलीत. रोमच्या सिनेटने तिजोरीवरचा हक्क सोडला आणि रोम गेलं, हे सार. (त्याच वर्षी डिसेंबरात इकडे खासदारांचा स्थानिक विकास निधी सुरू झाला. आमच्याकडे रोमवर कोणी बोललं नाही.) १९९६मध्ये खर्च खोडण्याचा तो कायदा झालाच. तुम्ही कोर्टात गेलात. तुम्हाला दाद मागण्याचा अधिकार नाही, असं सांगून तुम्हाला परत पाठवलं. आणि १९९८मध्ये दुसऱ्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. तुम्ही खिशातून राज्यघटनेची छोटी प्रत काढून दाखवायचात. त्याच खिशात वेस्ट व्हर्जिनियाच्या कामांची यादीही असणार, असं मला वाटतं. तरी बाजू बरोबर होती, हे मान्य करावंच लागतं. इराक युद्धाच्या ठरावावरही तुम्ही विरोधातल्या २३ जणांत होतात, बाजूच्या ७७ जणांत नाही.

एक हिशेब मात्र थेट आमच्याशी आहे. जुलै १९९७मध्ये, हवामानबदलावरच्या क्योटो कराराच्या आधी, तुमच्या आणि सिनेटर हेगल यांच्या नावाचा ठराव ९५ विरुद्ध ० असा मंजूर झाला. विकसनशील देशांवर त्याच काळात बंधनं येणार नसतील तर अमेरिकेने सही करू नये, असा मजकूर. म्हणजे चंद्रपूरच्या धुराकडे बोट दाखवायचं आणि आपल्या खाणी झाकायच्या. क्लिंटन सरकारने पुढच्या वर्षी सही केली, पण करार मंजुरीसाठी तुमच्या सभागृहापुढे आणलाच नाही. एकही मत विरोधात जाऊ न देता एकमत जमवलंत, आणि जमवलंत ते कशासाठी! डिसेंबर २००९मध्ये मात्र तुम्हीच कोळसावाल्यांना सुनावलंत, की बदल ओळखा. तोवर तुमची ९२ वर्षं झाली होती.

बाकी क्षेम. कळावे, लोभ असावा.

आपला,
बसथांब्यावरचा एक मतदार

ता. क. – फेब्रुवारी १९८८मध्ये गणपूर्तीसाठी तुम्ही गैरहजर सिनेटरांना पकडून आणण्याचा हुकूम काढलात, आणि मध्यरात्रीनंतर सिनेटर पॅकवूड यांना पाय पुढे करून उचलून सभागृहात आणलं गेलं, असं वाचलं. आमच्या लोकसभेत गणपूर्तीला ५५ डोकी लागतात. उचलायला माणसं कोणत्या खात्यातून घेतलीत, आणि त्यांचा भत्ता कोणत्या निधीतून दिलात, तेवढं कळवता आलं तर बरं.