ताकाच्या भांड्यावरचा रुमाल

आमच्या बेळगाव-निपाणीकडच्या घरांत एके काळी उघडी वस्तू सापडणं मुश्कील होतं. रेडिओला झालर, टीव्हीवर रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि फुलदाणीखाली आणखी एक छोटा रुमाल. फ्रिजच्या दांड्याला बाही, मिक्सरला टोपडं आणि गॅसच्या सिलिंडरला चक्क परकर. टेलिफोन आला तेव्हा पहिली घंटा वाजायच्या आत त्याचं माप घेऊन झालं होतं. घरातल्या पुरुषांचे बनियन बगलेत विरले तरी कुणाचं लक्ष जात नसे, पण शिलाईचं मशीन कायम अंगभर कपड्यांत. कोचाला मान टेकून डुलकी काढलेला पाहुणा उठला की त्याच्या मानेवर मोर उमटलेला दिसे, पिसाऱ्यासकट.

यातलं बहुतेक सगळं क्रोशाचं. एका टोकाला आकडा असलेली वीतभर सुई आणि दोऱ्याचा गुंडा, एवढ्याच भांडवलावर बायकांनी सबंध घराला कपडे चढवले. त्याला पावसाचीही साथ होती. बेळगावात पाऊस एकदा लागला की कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही आणि बाहेर पडावं तर छत्री उलटी होते. उन्हाळ्यात पापड-कुरडया आणि पावसाळ्यात क्रोशा, असं आमच्याकडचं न लिहिलेलं वेळापत्रकच होतं. दुपारी जेवणं उरकली की सोप्यात बायका बसत, आणि बोलता बोलता हात असे चालत की तोंड आणि हात यांचा एकमेकांशी काही संबंध असावा असं वाटत नसे.

खरं तर हा क्रोशा जन्मानं कष्टकरी. आयर्लंडमध्ये 1845 नंतर बटाट्याचं पीक बुडून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विकून घरं चालवली. त्याच शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांच्या कुटुंबांबरोबर तो आंध्रात गोदावरीच्या मुलखात नरसापूरला उतरला, आणि तिथल्या बायका अजूनही लेस विणतात, ती परदेशात जाते. आमच्याकडे मात्र तो मिशनच्या शाळा, शिवणाचे वर्ग आणि बायकांची मासिकं अशा वाटेनं आला आणि आला तो थेट दिवाणखान्यात जाऊन बसला. पुढं त्यानं फारसं काम केलं नाही.

निपाणीच्या माझ्या मावशीकडे एक जाडजूड वही होती. तिच्यात ‘स्त्री’ मासिकातली कात्रणं खळीनं चिकटवलेली. ज्या किर्लोस्करांनी 1930 साली हे मासिक काढलं, त्यांच्या उद्योगाची सुरुवात 1888 साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली, हे मावशीला ठाऊक होतं आणि त्याचा तिला घरच्या माणसासारखा अभिमान होता. ‘आपल्याकडचीच माणसं ती,’ असं ती म्हणे आणि कात्रणातल्या नमुन्यात खुशाल फेरफार करी. घरच्या माणसाचं कोण ऐकतं?

या कामात पुरुषांना एकच जागा होती. लोकर तेव्हा लडीनं मिळे आणि तिचा गुंडा करायचा तर दोन हात पसरून समोर बसणारं कुणीतरी लागे. ‘काय बसलाईस नुसता? धर ही लडी,’ असं मावशीनं म्हटलं की काका निमूट हात पुढं करत. मनगटांत लडी अडकवलेला माणूस पेपर वाचू शकत नाही, चहा पिऊ शकत नाही, नाकावर माशी बसली तर तिला हाकलू शकत नाही. मावशी ही संधी बरोबर साधत असे. पगाराचं, माहेरचं, दिराच्या वाटणीचं, जे काही साचलेलं असेल ते सगळं लडी संपेपर्यंत निघे. ‘हात हलवू नगंस,’ हे मधूनमधून चालूच. आता लोकर गुंड्यातच मिळते, त्यामुळे बरेच संसार सुखाचे झाले असावेत.

मावशीच्या सोप्याला लागूनच शेजारणीचा सोपा. शेजारीण विड्या वळायची. निपाणी म्हणजे तंबाखूचं गाव. तंबाखूच्या वखारी आणि घरोघरच्या विड्या यांवर इथल्या हजारो बायकांच्या चुली पेटल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याच्या मापानं कापलेलं तेंदूचं पान, दोन बोटांत पान फिरवून वळायचं, तोंड दाबून बंद करायचं, दोऱ्याचा वेढा द्यायचा. मजुरी हजारावर. मावशी इकडं साखळ्या मोजतेय आणि ती तिकडं विड्या मोजतेय, असं दोघींचं दुपारभर चाले. एकदा मावशीचा टीव्हीवरचा रुमाल पुरा झाला. हातभर लांब, मध्ये कमळ, कडेला पाकळ्या. मावशीनं तो मोठ्या हौसेनं पसरून दाखवला. शेजारणीनं हातातली विडी बांधून संपवली, मग मान वर केली.

‘चांगलं हाय की,’ ती म्हणाली. ‘पण एवढं बोटं मोडून झाकायचं काय, तर टीव्ही? त्याला काय थंडी वाजतीया? मला एक बटवा करून दे गं अक्का, कमरंला खोचाय येईल असा. कमळ तुझ्याकडंच ठेव.’

क्रोशावर याहून चांगलं परीक्षण मी कुठं वाचलेलं नाही. मावशी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बटवा तयार होता, नुसत्या मुक्या खांबांचा, घट्ट विणीचा, सुटे पैसे गळू नयेत असा, तोंडाशी ओढायची दोरी. त्यानंतर गल्लीतल्या विडीवाल्या बायकांचे बटवे हा मावशीचा एक उद्योगच झाला. टीव्हीवरच्या कमळाचं पुढं काय झालं ते कुणालाही आठवत नाही. बटवे मात्र वापरून वापरून काळे पडले, फाटले आणि परत मागितले गेले.

माझं मत विचाराल तर क्रोशाची खरी शोभा टीव्हीवर नाही, ताकाच्या भांड्यावर आहे. कडेला मणी असलेला तो गोल रुमाल आठवा. सहा साखळ्या घालून त्या जोडायच्या, त्या कड्यात बारा खांब. पुढच्या फेरीत चोवीस, त्याच्या पुढं छत्तीस. दर फेरीला बारा वाढवत गेलं की वर्तुळ सपाट पडतं. कमी वाढवले तर कडा वर येऊन टोपी होते आणि जास्त वाढवले तर कडेला लाटा उठतात. लाटा उठल्या की सुगरण बायका नाक मुरडत. पण 1997 साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डायना टाइमिना या गणिताच्या प्राध्यापिकेनं मुद्दाम टाके वाढवत जाऊन असाच लाटालाटांचा तुकडा क्रोशानं विणला आणि अपास्तीय (हायपरबोलिक) भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात ठेवली. कागदावर जी धड काढता येत नव्हती, ती दोऱ्यात आली. आमच्याकडे असे तुकडे घरोघर निघत, पण ते उसवले जात. गणिताचं केवढं नुकसान!

शेवटच्या फेरीतले मणी मात्र निव्वळ नटवेपणा नव्हे. त्यांच्या वजनानं रुमाल भांड्याच्या काठावर चापून बसतो, वाऱ्यानं उडत नाही. जाळीतून वारा खेळतो म्हणून दूध-ताक कोंदत नाही आणि माशीला आत शिरता येत नाही. शिवाय साय चोरायला आलेल्या पोरानं रुमाल उचलला की मणी भांड्याला लागून टिणटिण वाजतात आणि माजघरातून ‘कोण आहे रे?’ अशी हाक येते. झाकण, जाळी आणि चोरघंटी एकाच गोलात. हे ज्या बाईला पहिल्यांदा सुचलं तिचं नाव कुठं नोंदलेलं नाही.

क्रोशाचं खरं वाटोळं केलं ते रुखवतानं. लग्न ठरलं की वर्षभर आधीपासून तोरण, ताटाभोवतीची महिरप, उशांचे अभ्रे, बाळाचं टोपडंसुद्धा विणून तयार. लग्नाच्या दिवशी ते टेबलावर मांडायचं, विहिणीनं बोटानं उचलून पाहायचं आणि मग ते ट्रंकेत जायचं ते नातीच्या लग्नापर्यंत. त्यापेक्षा वाकळ बरी. जुनं इरकल, विरलेली धोतरं, थरावर थर घालून धावदोरा मारला की झाली. तिला कुणी काचेत ठेवत नाही. तीच वाकळ पाच-दहा कोसांवरच्या कानडी घरात कौदी होते आणि तिथंही तितकीच ऊब देते. कपडा न टाकण्याच्या बाबतीत हा सगळा मुलूख एकमताचा आहे.

एरवी एकमत दुर्मीळच. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून पाटीवर कुठली भाषा, कुठली आधी आणि केवढ्या अक्षरांत, यावर इथं काय काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण हा वाद क्रोशातही आहे, हे पुष्कळांना माहीत नसेल. दारावरच्या तोरणात अक्षरं विणतात ती चौकोनी जाळीत. काही घरं भरायची, काही रिकामी ठेवायची. देवनागरी या कामाला सोयीची; वरची रेघ म्हणजे सरळ एक ओळ भरून टाकायची, काना म्हणजे उभा रकाना. बेळगावात वडगावला आमच्या शेजारच्या कानडी अक्कांनी आईचं ‘सुस्वागतम्’ पाहिलं आणि त्यांना तेच कानडीत हवं झालं. कानडी अक्षरं गोल, वळणावळणांची. चौकोनी जाळीत त्यांच्या पायऱ्या पडायला लागल्या. दोघींनी चौकटीच्या वहीत पानंच्या पानं खरडली. आई मराठीत मोजायची, अक्का कानडीत, आणि दोघींचा हिशेब शेवटच्या घरात बरोबर चुकायचा. अखेर अक्षरांचा नाद सोडून दोघींच्याही दारावर समोरासमोर दोन हत्ती आले. आमच्या दारावरच्या एका हत्तीची सोंड आखूड आहे, कारण दोरा संपला आणि तोच रंग खडेबाजारात परत मिळाला नाही.

अक्कांना स्वतःला कशिदा फार सुरेख येई. धारवाड-बेळगावकडची ही कसुती. इरकलीवर रथ, गोपुरं, हत्ती, तुळशीवृंदावन. तिच्यात गाठ मारत नाहीत आणि सुलटी बाजू उलट्या बाजूसारखीच दिसावी लागते. सीमाप्रश्नावर बोलणाऱ्यांना हे अजून कुणालाच साधलेलं नाही, पण ते असो.

हल्ली क्रोशा परत आलाय. माझी भाची मोबाइलवर बघून विणते. तिच्या सुईतून सूर्यफूल, मधमाशी, किल्लीला लावायचा आठ पायांचा प्राणी असलं काय काय निघतं. मावशीची वही तिनं कौतुकानं चाळली आणि ‘यात डोळे लावलेलं काहीच नाही’ म्हणून बाजूला ठेवली. गणपतीच्या आधी एका प्रदर्शनात तिनं गाळा घेतला होता, तिथं मी गल्ल्यावर होतो. लडी गेली तरी पुरुषाला बसवायला जागा सापडतेच. गिऱ्हाईक येई, वस्तू उलटीपालटी करी आणि म्हणे, ‘एवढ्याशाचे अडीचशे? दोरा तर तीस रुपयांचा असेल.’ स्वेटर यंत्रावर निघतो म्हणून लोकांना वाटतं हेही कुठंतरी भराभरा निघत असेल. बाजारातला क्रोशाचा टाका हातानंच पडतो. दुकानात स्वस्तात मिळणारा क्रोशाचा टॉप दिसला तर तोही कुणीतरी बोटांनीच विणलेला असतो, फक्त त्या बोटांना काय मिळालं ते चिठ्ठीवर छापत नाहीत. भाचीला हे मी समजावून सांगत होतो, तेवढ्यात तिनं त्याच बाईंना ती मधमाशी दोनशेला देऊनही टाकली.

पण त्या गाळ्यावर सर्वांत आधी काय संपलं असेल? मधमाश्या नव्हेत. कोपऱ्यात तिनं नाइलाजानं, माझ्या आग्रहाखातर ठेवलेले मण्यांचे गोल रुमाल. एक आजी चार घेऊन गेल्या. ‘जाळीची ताटं आल्यापासून हे मिळंनाच झालं होतं,’ म्हणाल्या, आणि भाव केला नाही.

तेव्हा तुमच्या घरातली ट्रंक एकदा उघडा. तळाशी आई-आजीच्या हातचं काहीतरी निघेलच. कोमट पाण्यात साबण घालून हलक्या हातानं धुवा, पिळू नका, भाताच्या पेजेची पातळ खळ द्या आणि टॉवेलवर पसरून, कडा बोटानं ओढून सावलीत वाळवा. मग ते टीव्हीवर घालू नका. आता टीव्ही भिंतीवर आहे, तिथं ते राहणारही नाही. ताकावर झाका, भाकरीच्या टोपलीत घाला, बटवा असेल तर त्यात खरे पैसे ठेवा. ताकाचा डाग एका धुण्यात जातो. वर्षानुवर्षं घडीत पडलेली पिवळी रेघ काढणं मात्र फार कठीण असतं.